नदीपलीकडची प्रत

फोंड्याच्या बाजारातल्या वितरकाचं कार्यालय घ्या, म्हापशातली पतसंस्था घ्या, नाहीतर कळंगुटचं हॉटेल. सर्व्हरच्या खोलीत डोकावलं की एक दृश्य हमखास दिसतं. सर्व्हरच्या डोक्यावर, धुळीच्या थरात, एक काळी एक्स्टर्नल हार्ड डिस्क. वायर कायमची जोडलेली, दिवा लुकलुकतोय. बॅकअप कुठे असतो, असं विचारलं की बोट तिच्याकडे जातं आणि बोट दाखवणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं. ते समाधान पाहून पोटात गोळा येतो. कारण सर्व्हरचं जे होईल तेच त्या डिस्कचं होणार. वीज पडली तर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरून दोघांना झटका बसणार. छत गळलं तर दोघं एकत्र भिजणार. आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं तर त्याच्या दृष्टीने ती आणखी एक ड्राइव्ह. सी झाली, डी झाली, आता ई.

अंतर वेगळं आणि अंमल वेगळा, हे गोव्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. १५६० च्या सुमारास साष्टीत देवळांवर गदा आली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश अघनाशिनी, म्हणजे आजची जुवारी, ओलांडून प्रियोळात आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. अंतर म्हणाल तर आज गाडीने तासाभराचंही नाही. पण नदीच्या एका तीरावर पोर्तुगीजांचा हुकूम चालत होता आणि फोंड्याच्या बाजूला आदिलशाहीचा. मूर्ती वाचल्या त्या हुकूम बदलला म्हणून. साष्टीतल्याच दुसऱ्या गावात चौपट लांब नेऊन ठेवल्या असत्या तरी उपयोग झाला नसता.

डेटाच्या प्रतीबद्दल पहिला प्रश्न म्हणूनच हा विचारायचा, की ती कुणाच्या अंमलाखाली आहे? ज्या पासवर्डने मूळ डेटा पुसता येतो, त्याच पासवर्डने ती प्रतही पुसता येत असेल तर ती नदीच्या अलीकडेच आहे, मग ती मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असो की सिंगापूरच्या.

या एका प्रश्नावर बऱ्याच लाडक्या व्यवस्था गळून पडतात. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड व्यवस्था डिस्क बिघडली तर काम चालू ठेवते. चुकून पुसलेली फाइल मात्र ती दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानाने पुसते. गूगल ड्राइव्हसारखं सिंक होणारं फोल्डर तर बिघाड पोहोचवण्यात तत्परच. इथे फाइल खराब झाली की काही सेकंदांत ती सगळ्यांच्या लॅपटॉपवर खराब. जुन्या आवृत्त्या मिळतात, पण ठरावीक मुदतीपर्यंत. वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटमध्ये पुसलेली फाइल कचरापेटीत ९३ दिवस राहते. गूगलच्या कार्यालयीन सेवेत कचरापेटी रिकामी केल्यावर अॅडमिनला ती २५ दिवस परत आणता येते आणि पुसलेलं कर्मचाऱ्याचं खातं २० दिवस. सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद करायचं, परवान्याचे पैसे वाचवायचे आणि तीन महिन्यांनी त्याच्या मेलमधला करार शोधायचा, हे प्रकार होतात. क्लाउड कंपनी यंत्रं चालू ठेवायची हमी देते. आत काय ठेवलं आणि काय पुसलं, याची जबाबदारी आपलीच.

हल्लेखोरांनाही हे सगळं ठाऊक असतं. ते आत येतात एखाद्या मेलमधून, दुरून संगणक चालवायच्या, इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या रिमोट डेस्कटॉपमधून, किंवा बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणाऱ्या कुठल्या जुन्या व्हीपीएनच्या भोकातून. आल्या आल्या काही करत नाहीत. दिवसच्या दिवस, कधी आठवडे, आत फिरतात. अॅडमिनचा पासवर्ड मिळवतात. मग विंडोजने आपोआप ठेवलेल्या शॅडो कॉपी पुसतात, बॅकअपचं सॉफ्टवेअर शोधून त्यातल्या प्रती पुसतात आणि सगळ्यात शेवटी फाइली कुलूपबंद करतात. तेही सुट्टीच्या रात्री. आपल्याकडे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, अख्खी कार्यालयं ओस पडतात, माणसं गावच्या घरी गणपतीवरची माटोळी बांधण्यात असतात. रात्री दोनला सर्व्हरवर काय चाललंय हे पाहायला तेव्हा कुणीच नसतं.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं, ती गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवी. कर्मचाऱ्यांची ओळख पटवणारे जवळपास दीडशे डोमेन कंट्रोलर जगभर पसरलेले होते आणि ते एकमेकांच्या प्रती होते. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकदम गेले, कारण अंमल एकच होता. वाचला तो घानातला एक, आणि तोही तिथली वीज गेल्यामुळे त्या वेळी नेटवर्कपासून तुटलेला होता म्हणून. त्या एका यंत्रावरून पुढचं सगळं उभं राहिलं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं अख्खं खाजगी क्लाउड एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं. डेटा दोन भौगोलिक ठिकाणी होता, पण चूक खात्यालाच लागू होती, म्हणून दोन्हीकडचा गेला. दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेले बॅकअप तेव्हा कामी आले.

आता करायचं काय, ते थोडं तपशिलात. बॅकअपचा सर्व्हर कंपनीच्या डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेत, जोडायचा नाही. त्याचं युजरनेम वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि तो पासवर्ड रोजच्या कामाच्या ब्राउझरमध्ये साठवलेला नको. मुख्य सर्व्हरने बॅकअपकडे डेटा ढकलू नये. बॅकअपच्या सर्व्हरने येऊन तो उचलून न्यावा, म्हणजे मुख्य सर्व्हर हल्लेखोराच्या हाती पडला तरी तिथून बॅकअप पुसायची वाट राहत नाही. आणि निदान एक प्रत अशी हवी की ठरलेल्या मुदतीआधी ती कुणालाच पुसता येणार नाही. क्लाउडवरच्या साठवणीत ऑब्जेक्ट लॉक नावाची सोय त्यासाठीच असते. तिच्यात दोन प्रकार आहेत आणि घोळ तिथेच होतो. गव्हर्नन्स प्रकारात खास परवानगी असलेला माणूस कुलूप काढू शकतो. कम्प्लायन्स प्रकारात मुदत संपेपर्यंत खात्याचा मालकही काढू शकत नाही. हवा असतो दुसरा. पण त्याची चाचणी आधी एका दिवसाच्या मुदतीने घ्यावी, कारण चुकून दहा वर्षांची मुदत पडली तर दहा वर्षं बिल भरत बसावं लागतं. लहान कार्यालयाला यातलं काही परवडत नसेल तर दोन डिस्क घ्याव्यात आणि आलटून पालटून वापराव्यात. एक जोडलेली असताना दुसरी इमारतीबाहेर. वायर काढलेली डिस्क कुठलाही हॅकर पुसू शकत नाही.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर, हा ३-२-१ चा नियम बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. संगणकाच्या फार आधीपासून हा व्यवहार मांडवीच्या धक्क्यावर चालत होता. लिस्बनला जाणारी महत्त्वाची सरकारी पत्रं एका जहाजाच्या भरवशावर सोडत नसत. तोच मजकूर दोन-तीन वेळा लिहून, पहिली, दुसरी, तिसरी अशी खूण करून, वेगवेगळ्या जहाजांवर चढवत. वादळ, चाचे, खडक, सगळ्यांचा अनुभव गाठीशी होता. त्या पत्रव्यवहाराचे ग्रंथ पणजीच्या पुराभिलेखात आजही मान्सूनच्या नावाने ओळखले जातात, कारण जहाजं त्या वाऱ्यांवर ये-जा करत. दुसरी प्रतही पहिल्याच जहाजावर ठेवायची कल्पना त्या कारकुनांना हास्यास्पद वाटली असती. सर्व्हरच्या डोक्यावरची डिस्क म्हणजे तेच.

प्रत कशाची काढायची, हा प्रश्न मात्र हल्ली सगळ्यात अवघड झालाय. पूर्वी एक सर्व्हर, एक टॅली, एक फोल्डर. आज मोरजीचं चाळीस खोल्यांचं हॉटेल घेतलं तरी डेटा कुठे कुठे सांडलेला असतो पाहा. खोल्यांचं बुकिंग एका क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये. वेगवेगळ्या बुकिंग संकेतस्थळांवरचे दर जुळवणारी व्यवस्था दुसऱ्याच कंपनीची. रेस्टॉरंटची बिलं तिथल्या तिथे एका संगणकावर. हिशेब टॅलीत, आणि टॅली अकाउंट्सवाल्यांच्या यंत्रावर. हजेरी बोटाच्या ठशाच्या मशीनमध्ये. कॅमेऱ्यांचं चित्रण रेकॉर्डरच्या डिस्कवर, जे पंधरा-वीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारी पोर्टलवर द्यावी लागते, हॉटेलवाले ज्याला सी-फॉर्म म्हणतात तो. त्यासाठी स्कॅन केलेले पासपोर्ट रिसेप्शनच्या डेस्कटॉपवर, न्यू फोल्डर टू नावाच्या फोल्डरमध्ये. लग्नसोहळ्यांचे सौदे मॅनेजरच्या व्हॉट्सअॅपवर. आणि सगळ्या वाय-फाय राउटरांचे पासवर्ड, ज्याने ते बसवले त्या मुलाच्या डोक्यात.

ही यादी संगणकासमोर बसून होत नाही. रिसेप्शन, हिशेब, स्टोअर, किचन अशी फेरी मारावी लागते आणि प्रत्येकाला विचारावं लागतं की आज सकाळपासून तुम्ही काय काय लिहून ठेवलंत, आणि कुठे. मग प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी लिहायच्या. तो डेटा कुठे असतो. कोण पुसू शकतं. किती वेळाचं काम गेलं तर चालेल. आणि तो नसताना किती वेळ धंदा तगेल. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला आयटीवाले आरपीओ म्हणतात, चौथ्याच्या उत्तराला आरटीओ. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, आकडे मालकाच्या तोंडून आले पाहिजेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बुकिंगचा डेटा पंधरा मिनिटांहून जास्त गमावणं परवडत नाही. हजेरीचा एक दिवसाचा गेला तर वहीवरून भरता येतो. सगळ्याला एकच माप लावलं की खर्च भलतीकडे होतो. कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा बॅकअप रोज निघतो आणि बुकिंगचा आठवड्याने.

यादी करताना आणखी एक काम आपोआप होतं. नको असलेलं दिसतं. तीन वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांचे पासपोर्ट कशाला हवेत? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. गरज संपलेली कागदपत्रं पुसणं हेही संरक्षणच. फक्त पुसताना जुन्या बॅकअपमध्येही ती आहेत हे विसरायचं नाही. त्या बॅकअपची मुदत संपली की तिथूनही ती जातील अशी सोय हवी.

उलट काही गोष्टी ठेवाव्याच लागतात. कंपनी कायद्याने हिशेबाच्या वह्या ८ आर्थिक वर्षं. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. कंपनीची हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवावा, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. म्हणून ठेवायची रीत साधारण अशी. रोजच्या ७ प्रती, आठवड्याच्या ५, महिन्याच्या १२ आणि ३१ मार्चची एक वेगळी, जिला हात लावायचा नाही. मुलगा, बाप, आजोबा असं या पद्धतीला म्हणतात. आजोबा लागतात, कारण काही बिघाड महिनाभर कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी-पेस्ट करणं ही नेहमीची चूक. कॉपी व्हायला दहा मिनिटं लागली तर फाइलचा पहिला भाग दहा वाजताचा आणि शेवटचा दहा वाजून दहा मिनिटांचा. मधल्या काळात झालेल्या नोंदी अर्धवट. अशी प्रत कधी उघडते, कधी उघडत नाही, आणि उघडली तर ताळेबंद जुळत नाही. टॅली सगळ्यांनी बंद केल्यावर तिच्याच बॅकअपच्या सोयीने प्रत घ्यावी. मायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण उतारा, काढताना सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय लावावा, म्हणजे त्याच्या इनोडीबी प्रकारच्या टेबलांचं एकाच क्षणाचं चित्र मिळतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये व्यवहारांच्या नोंदींच्या फाइली दर काही मिनिटांनी बाजूला पाठवल्या तर सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांपर्यंतचा डेटाबेस उभा करता येतो, म्हणजे ११ वाजून ४३ मिनिटांनी कुणी चुकून टेबल पुसलं त्याच्या आदल्या मिनिटाचा.

आता मराठीची एक खास दुखरी जागा. देवस्थानच्या महाजनांची यादी, शाळेचं जनरल रजिस्टर, पतसंस्थेचे सभासद, ही नावं देवनागरीत असतात. डेटाबेस परत उभा केला आणि नावांच्या जागी भलतंच दिसलं तर घाबरण्याआधी नीट पाहायचं. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने पाच खुणा आहेत. म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकीला तीन बाइट, एकूण १५. शब्दाच्या जागी डोक्यावर तिरप्या रेघा असलेली चित्रविचित्र रोमन अक्षरं पंधराच्या आसपास दिसत असतील, तर बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणारा चुकीचा तक्ता लावून वाचतोय. ते दुरुस्त होतं. पण बरोबर पाच प्रश्नचिन्हं दिसत असतील तर डंप काढताना किंवा परत भरताना कुठेतरी मजकूर लॅटिन तक्त्यात कोंबला गेला आणि जे मावलं नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह बसलं. ते नाव त्या प्रतीत आता नाही. कुठलाही तज्ज्ञ ते परत आणू शकत नाही. डंप काढताना आणि भरताना दोन्ही वेळा यूटीएफ-८-एमबी-४ हा तक्ता स्पष्ट सांगायचा, एवढंच त्यावर औषध. आणि युनिकोडच्या आधीच्या काळात श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटांत टाइप केलेल्या नाट्यसंहिता, स्मरणिका, सभांची इतिवृत्तं ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी फाँटची फाइलही सोबत जपावी, आणि शक्य तितक्या लवकर मजकूर युनिकोडमध्ये आणावा. फाँट हरवला की फाइल असूनही वाचता येत नाही.

पावसाळा हा गोव्यात या कामाचा वेगळा धडा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने ओली हवा आणि किनाऱ्यालगत मीठ. विजा मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये जास्त कडाडतात. मेमध्ये चिऱ्याची जमीन खडखडीत कोरडी असते आणि तेव्हाच अर्थिंगचा प्रतिकार सगळ्यात वाढलेला असतो. म्हणून अर्थिंग एप्रिलमध्ये मोजून घ्यावं, खड्ड्यात पाणी घालावं, मुख्य वितरण पेटीवर सर्ज प्रोटेक्टर बसवावा आणि इंटरनेटच्या तांब्याच्या तारेलाही संरक्षण द्यावं. झटका त्या वाटेनेही येतो.

डिस्क बाहेर नेतानाची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. सर्व्हरची खोली २० ते २२ अंशांवर थंड असते. जुलैत गोव्याच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या घरात असतो. थंड डिस्क खोलीबाहेर आणली की गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम सुटतो तसा तिच्या सर्किटवर ओलावा धरतो. तशीच पिशवीत घालून घरी नेऊन लगेच जोडली तर शॉर्ट व्हायची भीती. रीत अशी, की डिस्क थंड खोलीतच झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालायची, आत सिलिका जेलची पुडी टाकायची, पिशवी बंद करून मगच बाहेर काढायची. नेलेल्या जागी ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत तीन-चार तास पिशवी उघडायची नाही. निळी सिलिका गुलाबी झाली की बदलायची. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, ही वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नव्हे, तिच्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो. कपाटासाठी फिरती हार्ड डिस्क बरी, आणि तीही तीन महिन्यांनी एकदा चालवून पाहिलेली. मोठ्या संस्थांना एलटीओ जातीची चुंबकीय टेप परवडते. नवव्या पिढीच्या एका टेपवर दाबून न बसवलेला १८ टेराबाइट डेटा मावतो. पण दीर्घ साठवणीसाठी तिला २० ते ५० टक्के आर्द्रता लागते, आणि ती आपल्याकडे यंत्राशिवाय मिळत नाही.

प्रत आपणही एन्क्रिप्ट करून कुलूपबंद करणं आवश्यकच आहे. डिस्क बसमध्ये विसरली तर सभासदांची माहिती उघड्यावर पडू नये. पण किल्ली कुठे? बऱ्याचदा ती त्याच सर्व्हरवर असते, जो गेला म्हणून बॅकअप उघडायचा आहे. विंडोजच्या बिटलॉकर या कुलपाची पुनर्प्राप्तीची किल्ली ४८ अंकांची असते. ती कागदावर छापून, वाळवी लागणार नाही अशा बंद पाकिटात, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. सोबत बॅकअप सॉफ्टवेअरचा पासफ्रेज, क्लाउडच्या मुख्य खात्याचे आपत्कालीन कोड, डोमेन नावाचं खातं कुठे आहे ते, आणि ओटीपी कुठल्या मोबाइलवर येतो ते. हा शेवटचा मुद्दा बारकाईने पाहावा. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या सिमवर कंपनीच्या क्लाउडचा ओटीपी जात असणं ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे.

बॅकअप बंद पडतो तेव्हा आवाज होत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने दमलेल्या रात्री चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरेपर्यंत आज्ञा थांबवता आली नाही. मग एकेक बॅकअप पाहायला घेतला. रोजचा डंप निघतच नव्हता, कारण डंपच्या प्रोग्रामची आवृत्ती ९.२ आणि डेटाबेस ९.६. तो अपयशी झाल्याचे मेल जात होते, पण डिजिटल सही नसलेले म्हणून ते नाकारले जात होते. साठवणीची जागा रिकामी होती. सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, होता, त्यावर डेटाबेस परत उभा राहिला. मधल्या सहा तासांतला डेटा मात्र गेला. कंपनीने हे सारं जाहीर लिहिलं, हे त्यांचं मोठेपण. त्यातून शिकायचं ते असं, की बिघडल्यावर मेल येईल या भरवशावर राहू नये. रोज सकाळी यशाची खबर यावी आणि ती आली नाही तर माणसाने उठून पाहावं. खबरेत आकार असावा. रोजची वाढ ६ जीबी असते आणि एका रात्री ४०० जीबी आली, तर कुणीतरी सगळ्या फाइली बदलतंय. कुलूपबंद झालेल्या फाइली दाबून लहान होत नाहीत, म्हणून बॅकअप अचानक फुगतो. रॅन्समवेअरची ती फार लवकर मिळणारी खूण आहे.

परत उभं करायला किती वेळ लागेल, याचा हिशेब कागदावर करून पाहावा. २ टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून क्लाउडमधून खाली आणायला, लाइन पूर्ण वेगाने अखंड चालली तरी, सुमारे ४५ तास. तोच डेटा जवळच्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला १२० एमबीच्या वेगाने साडेचार-पाच तासांत. म्हणून एक प्रत दूर आणि एक जवळ, दोन्ही हव्यात. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीतून आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या जी-ड्राइव्हचा ८५८ टेराबाइट डेटा गेला. आकार फार मोठा म्हणून त्याचा बाहेर बॅकअपच ठेवलेला नव्हता. आकार मोठा असेल तर निवड करावी, सगळंच सोडून देऊ नये.

हल्ला झालाच तर पहिल्या तासात हात आवरणं महत्त्वाचं. नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा, पण संगणक बंद करू नका. मेमरीतला पुरावा जातो. आणि बॅकअप ठीक आहे का ते पाहायला चांगली डिस्क त्या यंत्राला मुळीच जोडू नका. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो आणि शेवटची प्रत गमावतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार घटनेची खबर ६ तासांत द्यावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रांवरच्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवसांचे ठेवावे लागतात. तेच लॉग पुढे सांगतात की माणूस आत कधी शिरला. त्याच्या आधीची प्रत निवडायची, नाहीतर त्याची मागची खिडकीही आपणच परत बसवतो. उभं करायचा क्रमही ठरलेला हवा. आधी ओळख पटवणारा सर्व्हर आणि नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारा डीएनएस, मग डेटाबेस, मग त्यावर चालणारी सॉफ्टवेअरं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला तेव्हा रुग्णांची नोंद दिवसच्या दिवस कागदावर चालली. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो हल्ल्याची झळ न लागलेल्या बॅकअप सर्व्हरवरून.

हा क्रम हल्ल्याच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहायचा नसतो. महिन्यातून एकदा कुठलीही एक फाइल परत आणावी. तीन महिन्यांनी पूर्ण डेटाबेस एका वेगळ्या, नेटवर्कला न जोडलेल्या संगणकावर उभा करावा. वर्षातून एकदा, पावसाळा लागण्याआधी, सगळंच. तपासायचं काम आयटीवाल्याने एकट्याने करू नये. अकाउंट्सवाल्या बाईंना बसवावं. त्यांनी कालच्या तारखेची शेवटची पावती शोधावी, तेरीज मूळ तेरजेशी रुपया-पैशाने जुळवावी, सभासदांची संख्या मोजावी, जोडाक्षरं असलेली चार नावं उघडून वाचावीत. सुरुवात किती वाजता केली आणि पहिली पावती कधी छापता आली, दोन्ही वेळा वहीत लिहाव्यात. पाकीट फोडून किल्ली वापरली असेल तर नवं पाकीट करून, त्यावर तारीख घालून, दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि चवथीच्या सुट्टीआधीच्या संध्याकाळी पिशवीतली डिस्क कोण घेऊन जाणार, त्याचं नाव त्याच वहीत.